काळ्या फ्रेमची वजाबाकी

१

पाण्याचं दूध करायची रीत सोपी आहे. आधी तिपाई घट्ट रोवायची. उघड्या लेन्समधून चौकट ठरवायची, एखाद्या ओल्या दगडावर फोकस धरायचा आणि तो तिथेच पक्का करून टाकायचा, कारण पुढे काही दिसणार नसतं. मग काळी काच चढवायची. तिचं खरं नाव एनडी फिल्टर, पण आमच्या स्टुडिओत सगळे काळी काचच म्हणतात. बाहेर हजार वाटे उजेड असेल तर ती एक वाटा आत सोडते. कॅमेऱ्याला डोळा लावला तर नुसता अंधार. एरवी पाव सेकंदात निघणाऱ्या फोटोला आता चार मिनिटं लागतात. तारेचं बटण दाबून अडकवायचं आणि दोनशे चाळीसपर्यंत मोजत उभं राहायचं.

त्या चार मिनिटांत जे हलतं ते फोटोत टिकत नाही. फेसाळणाऱ्या पाण्यावर साय धरते. पुलावरून दहा माणसं गेली तरी पूल रिकामा येतो. न हललेलं तेवढं उरतं. दगड, भिंत, खांब.

शेवटी एक कंटाळवाणं काम असतं. इतका वेळ उघडा राहिला की कॅमेरा आतून तापतो आणि फोटोत लाल-निळे ठिपके पडतात. म्हणून निघताना लेन्सवर झाकण लावायचं आणि तसाच, झाकलेला, आणखी चार मिनिटांचा एक फोटो घ्यायचा. ही काळी फ्रेम. तिच्यात फक्त ते ठिपके असतात. घरी आल्यावर कॉम्प्युटरला सांगायचं, यातून हे वजा कर. एक क्लिक. ठिपके जातात, पाणी स्वच्छ होतं.

काळी फ्रेम उघडून कुणी बघत नाही. काळ्यात बघायचं काय?

त्या महिन्यात आमच्या स्टुडिओकडे एका इस्पितळाचं काम आलं होतं. थांबायच्या खोलीत लावायला पाण्याचे बारा मोठे फोटो हवे होते. मॅडमनी ते मला दिलं. "बघणाऱ्याच्या छातीतली धडधड कमी झाली पाहिजे," त्या म्हणाल्या. "तूच काढ. तुला घाबरणं काय असतं ते कळतं."

कळतं खरं. बेल वाजली तरी माझ्या हातातलं भांडं पडतं. माझाच फोन वाजला तरी मी दचकते. कॉलेजात मानसशास्त्राच्या बाईंनी त्याला एक लांबलचक नाव सांगितलं होतं. घरात त्याला एकच नाव आहे, आणि ते बाबांनी ठेवलेलं. टिटवी.

२

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत माझी गादी आणि कामाचा लॅपटॉप, आतल्या खोलीत आई-बाबा. बाबांच्या पलंगाला चिकटून लोखंडी कपाट आहे, आणि त्याच्या मुठीला एक सैल कडी. सहा वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. अंगठा तर्जनीवर सारखा फिरायचा, चिमटीत नसलेली गोळी वळल्यासारखा. मग डावा हात, मग पाय, मग मान. ते पलंगावर असले की पलंग हलायचा, पलंगाने कपाट, कपाटाने कडी. किणकिणकिणकिण. जागेपणी अखंड. मला त्याची सवय कधी झालीच नाही. मधेच दोन क्षण थांबून ती पुन्हा सुरू झाली की मी दर वेळी नव्याने दचकायचे.

पहिल्या दिवशी मी बाबांना बंधाऱ्यावर नेलं ते आईमुळे.

"घेऊन जा त्यांना," आई म्हणाली. "दोन तास मला पाठ टेकू दे. रात्री तीनदा उठवलंय."

"आई, मी कामाला चाललेय."

"मग मी काय इथे हवा खायला बसलेय?"

बाबा आधीच बूट शोधत होते. "चल टिटवे," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी टोमण्याची धार तशीच होती. "बघू तरी तुझा धंदा. आमच्या वेळी काळी काच ग्रहण बघायला वापरायचे."

बंधारा गावाबाहेर, शेवटच्या बसथांब्यापासून दहा मिनिटांवर. पाणी एका सरळ भिंतीवरून खाली पडतं आणि त्याचा आवाज इतका की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. मी घडीची खुर्ची काठावरच्या सपाट खडकावर मांडली. बाबा बसले. खुर्चीचे पाय खडकावर टकटकत असणार. पाण्यापुढे ते ऐकू येत नव्हतं.

मी चौकट ठरवली तेव्हा लक्षात आलं की खुर्ची उजव्या कोपऱ्यात येतेय. हलवायला हवी होती. पण मनात आलं, कशाला? ते चार मिनिटं थरथरणार. त्यांचा धूर होणार. फोटोत उरेल रिकामी खुर्ची, तीही पुसट.

हा विचार करताना मला हसू आलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

मी मोजलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. पाणी दुधासारखं, आणि कोपऱ्यात राखाडी फरांटा. बाबांचा धूर. अपेक्षेप्रमाणे. मग झाकण लावून काळी फ्रेम घेतली आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर वजाबाकीची क्लिक केली, फोटो मोठा केला आणि खुर्चीसकट मागे सरकले.

कोपऱ्यात बाबा बसले होते. धूर नाही, फरांटा नाही. स्वेटरचा टाका न् टाका मोजता येत होता. दोन्ही हात मांडीवर, बोटं पसरलेली, स्थिर. चार मिनिटं एखादा खांब बसावा तसे बसले होते.

३

मी शिकलेली मुलगी आहे. कारणं शोधायला बसले. बंधाऱ्यावर ऊन होतं, पडदा लहान, मला फरांटा दिसल्यासारखा वाटला असेल. थंड हवेत आजार थोडा वेळ दबतो असंही कुठेतरी वाचलं होतं. पाण्याच्या एकसुरी आवाजाने शरीर सैल होत असेल. तीन कारणं पुरे होती. मूळ फोटो पुन्हा बघावा म्हटलं, तर तो मी सवयीने पुसून टाकलेला. वजाबाकी झाली की मूळ फोटो ठेवत नाही, जागा खातात. काळ्या फ्रेम तेवढ्या एका फोल्डरमध्ये पडून राहतात, पुसायचाही कंटाळा म्हणून.

मॅडमनी फोटो बघितला आणि टेबलावर हात आपटला. मी दचकले. "हे! हेच! आजोबा कसले शांत बसलेत. बाराच्या बारा फोटोंत हेच आजोबा हवेत. कोण आहेत?"

"माझे बाबा."

"भाग्यवान आहेस. इतकं स्वस्थ म्हातारपण कुणाला मिळतं?"

घरी आले तर आई दारातच उभी. बोट ओठांवर. मला हाताला धरून आत नेलं. बाबा पलंगावर बसून चहा पीत होते. उजव्या हाताने. बशीत एक थेंब नाही.

"कालपासून," आई कुजबुजली. "उजवा हात बघ. कालपासून."

बाबा कपाकडे बघत होते. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. एखाद्याने आपला हात बदलून दुसराच लावला असावा, तसे ते त्या हाताकडे बघत होते.

४

मी लहान असताना आमचा स्वतःचा स्टुडिओ होता. बाबांचा. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, बारसं. नवीन दिवा आला की तपासायला मी. गोल स्टुलावर बसवायचे. "हलायचं नाही. तीन म्हटलं की उजेड पडेल. तयार राहा." मग म्हणायचे एक. म्हणायचे दोन. आणि दोनलाच बटण दाबायचे.

दर वेळी. मला ठाऊक असायचं की दोनला दाबणार आहेत, तरी मी दचकायचे, कारण कधी कधी दोनच्या नंतर ते मुद्दाम थांबायचे. तीनसुद्धा म्हणायचे नाहीत. मी श्वास सोडला की फटक.

त्यातला एक फोटो त्यांनी मोठा करून दुकानाच्या काचेच्या कपाटात लावला होता. डोळे फाटलेले, तोंड उघडं, दोन्ही हात वर. सात वर्षांची मी. गिऱ्हाईक हसायचं आणि आत यायचं. शाळेत जाताना मला त्या कपाटावरून जावं लागायचं. मी दहावी झाले तोवर तो तिथेच होता. "जाहिरात आहे ती," बाबा म्हणायचे. "चेहरा हलला की मजा, न हलला की सजा."

म्हणून दुसऱ्या वेळी बंधाऱ्यावर मी जेव्हा ओरडून म्हटलं, "बाबा, हलू नका," तेव्हा तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखं वाटलं. त्यांनी माझ्याकडे मान वळवून बघितलं. मान थरथरत होती. पाय थरथरत होते. उजवा हात तेवढा मांडीवर निपचित.

पडद्यावर पुन्हा राखाडी फरांटा आला. या वेळी मी पदर धरावा तसा ओढणीचा आडोसा धरला, ऊन लागू दिलं नाही, आणि दोनदा बघितलं. फरांटाच.

दुपारी घरी कॉम्प्युटर लावला. आतल्या खोलीत कडी वाजत होती. किणकिणकिणकिण. मी वजाबाकीवर बाण नेला आणि दाबलं.

कडी थांबली.

दोन क्षण थांबून ती पुन्हा सुरू होते, हे मला माहीत आहे. मी मनात मोजायला लागले. वीस झाले. पन्नास झाले. शेजारच्या घरातलं पंख्याचं घरघरणं ऐकू यायला लागलं, जे या घरात मी कधीच ऐकलं नव्हतं. मग आईची हाक आली, हळू, कुणी झोपलेलं उठेल की काय अशी. "अगं, इकडे ये. बघ तरी."

मी गेले नाही. पडद्यावर बाबा स्पष्ट बसले होते.

५

योगायोग. हा शब्द मी चार दिवस वापरला. आईने तेवढे दिवस झोपून घेतलं. तिच्या डोळ्यांखालचं काळं कमी झालं. डॉक्टरांकडे जाऊन आली, त्यांनी म्हणे चष्मा काढून पुसला आणि विचारलं की औषध कुणी बदललं.

"मी सांगितलं, लेक फिरायला नेते," आई म्हणाली. "म्हणाले, नेत राहा."

बाबा बोलत होते अजून, पण कमी. चालत होते, पण कुणी उठवलं तर. टोमणे बंद झाले होते. तिसऱ्या वेळी बसथांब्याकडे जाताना त्यांनी माझी बाही धरली.

"तिथे दिवा लाव," ते म्हणाले.

"कुठे, बाबा?"

"आत."

"कशाच्या आत?"

ते खूप वेळ शब्द जुळवत राहिले. "बसायला जागा नाही," ते म्हणाले. "आणि तू झाकण लावतेस."

या आजारात भास होतात, ते पत्रकातच छापलंय, इस्पितळात फुकट मिळतं. मी त्यांची बोटं बाहीवरून सोडवली. रस्त्यात बायका बघत होत्या. "चला, बस चुकेल," मी म्हटलं.

मी नेलं त्यांना. बसवलं. हलू नका म्हटलं. दोनशे चाळीस मोजले आणि झाकण लावून आणखी दोनशे चाळीस. खोटं कशाला बोलू? घरी क्लिक करताना मी दार उघडं ठेवलं होतं, पलंग दिसावा म्हणून. आई त्यांना सांगत होती की उद्या भाजी कुठली आणू. बाबा म्हणत होते, "कुठलीही, पण—"

मी दाबलं.

"पण काय?" आई म्हणाली. "अहो? पण काय?"

६

त्यानंतर बाबा चालले नाहीत, बोलले नाहीत. खातात. भरवलेला घास गिळतात. डोळे उघडे असतात, पापणी क्वचित लवते. आईने औषधांच्या दुकानातून चाकाची खुर्ची आणली.

"आता कसं," ती म्हणाली, "ठेवलं तिथे बसतात." आणि मग लगेच तोंडाला पदर लावला. पण बोललेलं बोलून झालं होतं, आणि दोघींनाही ते खोटं वाटलं नव्हतं.

घर शांत झालं. मला पडल्या पडल्या झोप लागायला लागली. दुधाचं भांडं ओट्यावरून खाली पडलं, ठणठणत कोपऱ्यापर्यंत गेलं, आणि मी नुसती मान वळवून बघितलं. आई म्हणाली, "बाई बाई, टिटवी सुधारली."

मग एके दिवशी सकाळी, दात घासताना, मला ते ऐकू आलं.

किणकिणकिणकिण.

फार बारीक. मी आत गेले. बाबा खुर्चीत, स्थिर. कडी मुठीवर लोंबत होती, स्थिर. मी तिला बोट लावून धरलं तरी आवाज चालूच. स्वयंपाकघरात भांडी बघितली. नळ बघितला. शेवटी मी माझ्याच खोलीत उभी राहिले आणि कान दिला. भिंतीतल्या फळीवर कॅमेऱ्याची पिशवी होती.

पिशवीची चेन उघडली. कॅमेरा बंद होता, बॅटरीसुद्धा मी काढून ठेवलेली. लेन्सवर झाकण होतं. मी झाकणावर बोट ठेवलं, आणि माझ्या बोटाखाली ते थरथरत होतं. आतून. कुणीतरी पलीकडून सारखं काहीतरी वळत असावं तसं.

बोट काढलं नाही मी. नंतर आठवलं, दचकलेही नव्हते.

७

कॉम्प्युटरवर काळ्या फ्रेमचं फोल्डर उघडलं. बाबा खुर्चीत बसलेल्या तीन दिवसांच्या तीन. तिन्ही काळ्या. उजेडाची कळ मी पहिल्यांदाच उजवीकडे सरकवली, पार टोकापर्यंत.

पहिल्या फ्रेममध्ये लाल-निळे ठिपके, आणि खालच्या कोपऱ्यात काचेवर श्वास सोडल्यासारखा पांढुरका डाग. डागात अंगठा होता आणि तर्जनी. एकावर एक पन्नास अंगठे.

दुसऱ्या फ्रेममध्ये ठिपके कमी दिसत होते, कारण त्यांच्यापुढे काहीतरी होतं. गुडघे होते बहुतेक. छातीशी घेतलेले. जागा नाही म्हणाले होते ते.

तिसरी मी पूर्ण बघितली नाही. कळ अर्ध्यावर असतानाच चेहरा आला. खुर्ची जिथे होती तितक्या लांब नाही. अगदी जवळ, झाकणाला आतून टेकलेला असावा इतका. इतका हललेला की नाक कुठलं आणि गाल कुठला ते कळू नये. पण डोळे फाटलेले होते, तोंड उघडं होतं, आणि दोन्ही बाजूंनी हात वर आलेले होते.

हा चेहरा मला ओळखीचा होता. मी दहावीपर्यंत रोज त्याच्या समोरून शाळेत गेले होते.

कॉम्प्युटरमध्ये वजाबाकीच्या खाली आणखी एक ओळ आहे. बेरीज. मी ती आजवर कधी वापरली नव्हती. यात हे मिळव. मूळ फोटो नव्हते, पण वजाबाकी झालेले तिन्ही फोटो होते आणि तिन्ही काळ्या फ्रेम होत्या. एकेक क्लिक. मला वाटतं, जमलं असतं. मी बाण त्या ओळीवर नेऊन ठेवला आणि हातावर हात ठेवून बसले.

"काय करतेस गं?" आई माझ्या पाठीशी उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं, आणि मी जागची हलले नव्हते.

"आई, हे बघ. हे बाबा आहेत."

आईने बघितलं. वाकून, बराच वेळ. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मग ती सरळ झाली.

"काळंच आहे की," ती म्हणाली.

"आई, नीट बघ. हा हात. हे मी परत मिळवलं तर ते बोलतील. पुन्हा सगळं—"

"सगळं म्हणजे?" आईचा आवाज चढला नाही. "कडी? रात्रीत तीनदा? तुझं ते वर्षानुवर्षं उसळणं? मी तुला विचारलं का, तू काय करतेस? नाही विचारलं. विचारणार पण नाही. मी सहा वर्षांत पहिल्यांदा गरम जेवले."

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"डावा अंगठा राहिलाय फक्त," ती म्हणाली. "सारखा वळवतात. घास भरवताना माझं लक्ष जातं तिकडे. उद्या जाऊन या दोघं."

८

अंगठा खरंच राहिला होता. संध्याकाळी मी बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले आणि त्यांचा डावा हात माझ्या तळहातावर घेतला. बाकीचं सगळं मेणासारखं. अंगठा फिरत होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे माझ्यावर होते की माझ्या मागच्या भिंतीवर, सांगता आलं नाही.

"बाबा, परत यायचंय? असेल तर अंगठा थांबवा."

थांबला नाही. थांबवता येत असता तर आजार कसला.

"नसेल यायचं तर थांबवा."

तेव्हाही नाही.

मी त्यांना अजून एक गोष्ट विचारली. काचेच्या कपाटातला तो फोटो त्यांनी इतकी वर्षं का ठेवला. अंगठा माझ्या तळहातावर गोळी वळत राहिला, वळत राहिला. मला उत्तर हवं होतं असंही नाही.

दुसऱ्या दिवशी ढग होते. चाकाची खुर्ची खडकावर न्यायला बंधाऱ्याच्या राखणदाराने मदत केली. "नशीबवान म्हातारा," तो माझ्या कानाशी ओरडला. "लेक एवढं करते!" मी हसून मान हलवली. चौकट ठरवली, दगडावर फोकस धरला, काळी काच चढवली. बाबा पाण्याकडे बघत होते. पडद्यावर या वेळी धूर नव्हता. घरी जाऊन वजाबाकी करायच्या आधीच ते स्पष्ट होते, फक्त डाव्या मांडीवर नखाएवढी राख.

झाकण लावून मी चार मिनिटं थांबले. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मी कान कॅमेऱ्याजवळ नेला नाही.

घरी आई ओट्यापाशी होती, आमच्याकडे पाठ करून. मी लॅपटॉप घेऊन बाबांसमोर स्टुलावर बसले. मूळ फोटो उघडा, काळी फ्रेम बंद. वजाबाकी वर, बेरीज खाली. दोन्हींत बोटाच्या पेराएवढं अंतर.

बेरजेवर मी थांबले होते. हे कुणी विचारलं तर सांगेन, आणि ते खरं आहे. मी बेरजेवर एवढी थांबले की चहा निवला.

मग आईच्या हातून झाकण निसटलं. लोखंडी तव्यावरचं, मोठं, थेट फरशीवर. असा आवाज की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

मी नाही दचकले. पण बाबांची पापणी हलली. एकच, जराशी. त्यांच्यात दचकायला अजून तेवढं शिल्लक होतं.

मी बाण वर नेला. लॅपटॉप त्यांच्या डोळ्यांसमोर वळवला, म्हणजे त्यांना दिसावं. त्यांचा अंगठा माझ्या डाव्या हातात धरला.

"बाबा," मी म्हटलं, "हलायचं नाही. तीन म्हटलं की दाबते. तयार राहा."

अंगठा जोरजोरात फिरायला लागला. फळीवर, पिशवीत, किणकिण वाढली.

"एक," मी म्हटलं.

आईने नळ सोडला.

"दोन."